स्कोअर चार आला, म्हणजे पेशंटचं काय होणार?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या दीडशे खाटांच्या रुग्णालयात तुम्ही आहारतज्ज्ञ आहात. दाखल होणाऱ्या प्रत्येकाचा पोषण-स्क्रीनिंगचा फॉर्म भरला जातो. चार गुण आलेले दोन पेशंट चौथ्या दिवशी हसत घरी गेले आणि शून्य गुणांचे एक आजोबा दहाव्या दिवशी वारले. त्यावर राउंडला डॉक्टरांनी विचारलं, ‘मग या फॉर्मचा उपयोग काय?’ आता तुम्हाला दोनशे पेशंटचा अभ्यास करून दाखवायचंय की स्कोअरवरून पुढचं सांगता येतं. कोणता स्कोअर घ्यावा, हे तुम्ही विचारलंय.

स्कोअर कोणता, हे शेवटी ठरवू. आधी यात गुंतलेले दोन प्रश्न सोडवून घ्यायला हवेत. ‘या पेशंटचं बरं-वाईट काय होईल?’ हा एक. ‘या पेशंटला नीट खाऊ घातलं तर फरक पडेल का?’ हा दुसरा. फॉर्म तयार झालाय तो दुसऱ्यासाठी, आणि सगळे उत्तर मागतात पहिल्याचं.

एनआरएस-२००२ हा दाखल पेशंटचा पोषण-स्कोअर कसा बनला ते पाहिलं की हे लक्षात येतं. संशोधक कोंड्रुप आणि सहकाऱ्यांनी पोषण-उपचारांच्या १२८ चाचण्या तपासल्या आणि कोणत्या प्रकारच्या पेशंटना जादा आहाराचा फायदा झाला, त्यावरून गुणांच्या पायऱ्या बसवल्या. कोण दगावेल हे शोधणं हा तिथे मुद्दाच नव्हता. ब्रिटनमधून २००३ साली आलेल्या ‘मस्ट’ या दुसऱ्या फॉर्मचा रोख तर आणखी साधा आहे: वॉर्डात असो वा घरी, कुपोषणाचा धोका पटकन हेरायचा.

तरीही गुण आणि परिणाम यांचा संबंध दिसतोच. तो कुठून येतो, ते एका उदाहरणाने पाहू. ७२ वर्षांच्या बाई, खुब्याचं हाड मोडलंय. उंची १५० सेंटिमीटर, वजन ४८ किलो, तीन महिन्यांपूर्वी ५२ होतं. म्हणजे घट ७.७ टक्के. एनआरएसमध्ये तीन महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे १ गुण. खुब्याचं फ्रॅक्चर, आजाराच्या तीव्रतेचा १ गुण. वय सत्तरीपार, आणखी १. बेरीज ३, म्हणजे ‘धोका आहे’. आता बघा, तीनपैकी दोन गुण वय आणि आजार यांचे आहेत. या तीन गुणांनी मृत्यूचं भाकीत चांगलं केलं, तर त्याचं श्रेय पोषणाला किती आणि सत्तरीतल्या फ्रॅक्चरला किती? याच बाई मस्टमध्ये घातल्या तर बीएमआय २१.३, त्याला शून्य. वजनातली घट ५ ते १० टक्क्यांत, १ गुण. एकूण १, मध्यम धोका. मस्टमध्ये वय नाही, म्हणून मृत्यूच्या भाकितात तो बहुधा मागे पडेल. पण ज्या एका गोष्टीवर तुम्ही काही करू शकता, ती दोघांनीही सारखीच टिपली.

अतिदक्षता विभागात हे फारच ठळक दिसतं. तिथल्या सुधारित न्यूट्रिक स्कोअरमध्ये वय, अपाचे-२ (आजार किती गंभीर), सोफा (अवयव किती बिघडलेत), इतर आजारांची संख्या आणि आयसीयूत येण्याआधीचे रुग्णालयातले दिवस, एवढंच असतं. ९ पैकी ५ किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त. नाव पोषणाचं, पण त्यात वजन नाही, बीएमआय नाही, गेल्या आठवड्यात काय खाल्लं तेही नाही. मृत्यूचं भाकीत तो छान करतो, कारण अपाचे आणि सोफा त्याच कामासाठी बनलेत. पण गुण जास्त म्हणून प्रथिनं जास्त, हे गणित पुढे जुळलं नाही. २०२३ च्या एफर्ट-प्रोटीन चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना जादा प्रथिनं देऊन फायदा दिसला नाही. ज्यांची किडनी अचानक बिघडली होती किंवा सोफा सुरुवातीलाच जास्त होता, त्यांच्यात उलट नुकसानीकडे कल दिसला. भाकितात पहिला नंबर काढणारा स्कोअर ताटात काय वाढायचं हे सांगेलच असं नाही, एवढं यातून घ्या.

आता तुमचे तीन पेशंट. आकडे समजण्यापुरते धरू. १०० पेशंट दाखल झाले, त्यातले ५ दगावले. ३० जणांचा स्कोअर जास्त होता आणि त्या ३० मध्ये ४ मृत्यू झाले. उरलेल्या ७० मध्ये १. जास्त गुणवाल्यांचा धोका १३ टक्के, कमी गुणवाल्यांचा दीड टक्क्याच्या आत. म्हणजे नऊपट फरक. कागदावर स्कोअर झकास. तरी जास्त गुणवाल्या ३० पैकी २६ जण घरीच गेले आणि कमी गुणवाल्यांतला एक वारला. तुम्हाला भेटले ते हेच. स्कोअर गटाबद्दल बोलतो. खाट क्रमांक बाराचं भविष्य त्यातून निघत नाही. नातेवाइकांशी बोलताना तर हा आकडा तोंडातूनही काढू नये.

आणि ते शून्य गुणांचे आजोबा? दाखल होताना घेतलेल्या स्कोअरला पुढे काय घडणार हे ठाऊक नसतं. एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही), मग सोनोग्राफीसाठी पुन्हा उपाशी, मग ऑपरेशन पुढे ढकललं, मग दोन दिवस नुसतं सलाईन. पाचशे मिलिलिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये जेमतेम शंभर कॅलरी असतात, हे वॉर्डात वारंवार सांगावं लागतं. शून्य आला तरी आठवड्याने फॉर्म पुन्हा भरायचा असतो आणि नेमका हाच दुसरा फॉर्म बहुतेक केसपेपरमध्ये सापडत नाही. ते दाखल झाल्यापासूनचे एनबीएमचे तास मोजा. कदाचित उत्तर तिथेच मिळेल.

आता अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, कारण तुम्ही विचारात घेतलेल्या स्कोअरच्या यादीत जीएनआरआय आणि कोनट हे त्यावर आधारलेले दोन्ही आहेत. रक्ताच्या रिपोर्टवरून निघणारे स्कोअर सोपे वाटतात: पेशंटला उठवायला नको, विचारायला नको. पण अल्ब्युमिन हा पोषणाचा आरसा आहे ही समजूत आता मोडीत निघाली आहे. अमेरिकेतल्या ‘अस्पेन’ या पोषण-उपचारांच्या संस्थेने तसं स्पष्ट लिहिलंय. सूज, जंतुसंसर्ग, ऑपरेशन यांत अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, यकृत ते कमी बनवतं आणि सलाईनने पातळही होतं. त्याचा अर्धायुकाल साधारण २० दिवसांचा, त्यामुळे तीन दिवसांत घसरलं तर दोष जेवणाला देता येत नाही. आपल्याच बाईंचं पाहा. जीएनआरआय म्हणजे १.४८९ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ४१.७ गुणिले वजन भागिले आदर्श वजन. त्यांचं आदर्श वजन लॉरेन्झच्या सूत्राने ५० किलो. अल्ब्युमिन ३.४ असताना स्कोअर ९०.७, म्हणजे मध्यम धोका. फ्रॅक्चरनंतर अल्ब्युमिन २.८ वर आलं की ८१.७, म्हणजे थेट तीव्र. मधल्या दोन दिवसांत त्यांच्या अंगावरचं मांस काही वितळलेलं नाही. शरीरात दाह किती पेटलाय ते या आकड्यानं सांगितलं. त्यामुळे मृत्यूचं भाकीत तो चांगलंच करेल, पण ‘कुपोषण वाढलं’ असं त्यावरून लिहू नका. अल्ब्युमिन घ्यायचंच असेल तर त्याच नमुन्यातून दाह दाखवणारी सीआरपी तपासणीही करा.

इथे एक साधी चूक हमखास होते. आपल्या लॅब अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, जीएनआरआयच्या सूत्राला ग्रॅम प्रति लिटर लागतं. २.८ तसंच टाकलं तर स्कोअर ४४ येतो आणि अख्खा वॉर्ड ‘तीव्र धोक्यात’ जातो. एक्सेलमध्ये सूत्र लिहितानाच दहाने गुणून घ्या.

मग आकड्यांची खरी कसोटी लागते ती खाटेपाशी. स्कोअर नापास होण्याचं सर्वात मोठं कारण मला विचाराल तर गणित नाही, वजनकाटा आहे. फॉर्मवर ६०, ६५, ७० अशी गोल वजनं दिसली की समजावं, सिस्टरांनी नजरेने अंदाज घेतलाय. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एका हातात चाळीस पेशंट आणि काटा दुसऱ्या मजल्यावर. काटा वॉर्डात आणा, चाकांचा असेल तर उत्तम. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर घ्या: डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. २३.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता बरीच, असं मस्टच्या सूचनांतच आहे. उंचीसाठी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजून तक्त्यात बघता येते. पायावर सूज, पोटात पाणी असेल तर वजनावर विश्वास ठेवू नका. दंड तेव्हाही बराच खरं बोलतो.

आधीचं वजन विचारलं की ‘कधी केलंच नाही’ हे उत्तर ठरलेलं. जुना केसपेपर, ओपीडीची चिठ्ठी मागा. तेही नसेल तर पट्ट्याचं भोक किती सरकलं, ब्लाउज सैल झाला का, बांगड्या कोपराकडे सरकतात का, हे विचारा. यातून टक्केवारी निघत नाही, पण ‘घट नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक करता येतो. फॉर्ममध्ये ‘माहीत नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. रिकामी जागा म्हणजे शून्य, असं धरल्याने कितीतरी धोक्याचे पेशंट ‘सुरक्षित’ होतात.

खाण्याचा प्रश्नही असाच. ‘जेवण कसं आहे?’ विचारलं की ‘बरंय’ येतं. त्याऐवजी, आजाराआधी किती भाकऱ्या, आता किती; वरण वाटीभर की दोन चमचे; हे विचारा, आणि जो ताट वाढतो त्याला विचारा. मुलगा ‘खातात की’ म्हणतो, सून खरा हिशेब देते. श्रावण असो की एकादशी, उपासामुळे कमी खाल्लं असलं तरी खाल्लं कमीच. गुण द्यायचे, शेरा लिहायचा. आणि एनआरएसच्या मूळ तक्त्यात एक गोम आहे: गरजेच्या ५० ते ७५ टक्के खाणं म्हणजे १ गुण आणि २५ ते ६० टक्के म्हणजे २. मग ५५ टक्के खाणारा कुठे बसवायचा? तक्ता सांगत नाही. आमचा संकेत असा की वरचा गुण द्यावा. तुम्ही दुसरा ठेवा हवा तर, पण पहिल्या पेशंटआधी ठरवा आणि लिहून ठेवा. आपल्या बाई निम्मं जेवत असतील तर एवढ्यावरून त्यांचे ३ चे ४ होतात.

एवढं झाल्यावर अभ्यासाकडे येऊ. दोनशे पेशंट आणि परिणाम म्हणून मृत्यू, हे जमणार नाही. शंभरात चार दगावतात असं धरलं तर हाती आठ मृत्यू येतील. एका घटकामागे किमान दहा घटना हा जुना, ढोबळ ठोकताळा लावला तरी वय, आजाराची तीव्रता, लिंग आणि तुमचा स्कोअर अशा चार घटकांना चाळीस मृत्यू हवेत, म्हणजे हजार पेशंट. त्याऐवजी गुंतागुंत घ्या. पोटाच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीसाठी क्लेव्हियन-डिंडोची वर्गवारी आहे. जखम पिकणं, न्यूमोनिया, पुन्हा ऑपरेशन, सगळं तिच्यात बसतं. वीस टक्क्यांना गुंतागुंत झाली तरी दोनशेत चाळीस घटना मिळतात.

रुग्णालयातले दिवस हा परिणाम सगळ्यांना आवडतो, कारण रेकॉर्डमध्ये तयार असतो. मला तो आवडत नाही. आपल्याकडे डिस्चार्जची तारीख पेशंटच्या तब्येतीइतकीच टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या) मंजुरीवर, गावाहून येणाऱ्या गाडीवर आणि ‘आज अमावास्या आहे, उद्या नेतो’ यावर ठरते. शिवाय दुसऱ्या दिवशी वारलेल्याचे दिवस सर्वात कमी भरतात आणि तो ‘लवकर सुटलेला’ दिसतो. घ्यायचाच तर ‘डिस्चार्जयोग्य झाल्याचा दिवस’ राउंडच्या नोंदीतून घ्या आणि मृत्यू वेगळे काढा. सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन गेलेल्यांचाही रकाना वेगळा हवा. त्यांतले काही जण घरी शेवटचे दिवस काढायला गेलेले असतात.

ज्यांचं वजन घेता आलं नाही त्यांना वगळू नका. उठता न येणारे, शुद्धीवर नसलेले, हेच तर सर्वात आजारी. ते गेले की तुमचे परिणामही गेले. म्हणून दंडाचा घेर सगळ्यांचाच मोजा, वजन झालेल्यांचासुद्धा.

सगळे स्कोअर काढून एयूसीची (भाकीत किती अचूक, हे सांगणाऱ्या आकड्याची) शर्यत लावायची, हा मार्गदर्शकांचा आवडता आराखडा. ती शर्यत वय आणि दाह पोटात घेतलेले स्कोअर जिंकणार, हे आधीच माहीत आहे. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: वय आणि आजाराची तीव्रता आधीच मांडल्यावर पोषणाचा स्कोअर त्यात काही भर घालतो का? आधी वय आणि चार्ल्सनसारखा सहव्याधींचा निर्देशांक यांचं मॉडेल करा, मग स्कोअर टाका आणि फरक बघा. तेव्हा एनआरएसमधले वयाचे आणि आजाराचे गुण काढून फक्त पोषणस्थितीचे ० ते ३ गुण वापरा, नाहीतर वय दोनदा मोजलं जाईल. कट-ऑफ, म्हणजे ‘धोका’ जिथून धरायचा तो गुण, स्वतःच्या माहितीतून शोधू नका. दोनशे पेशंटमध्ये सापडलेला ‘उत्तम’ कट-ऑफ पुढच्या दोनशेत टिकत नाही. छापील ३ च ठेवा. बीएमआयचे आकडे मात्र आपल्याकडे विचारपूर्वक वापरा. मूळ एनआरएसच्या पहिल्या चाळणीत २०.५ ची रेषा आहे, आणि आपल्याकडे अंगकाठीनेच बारीक पण ठणठणीत माणसं त्या रेषेखाली बरीच सापडतात. ग्लिम या कुपोषण-निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत आशियाई लोकांसाठी सत्तरीच्या आत १८.५ आणि सत्तरीनंतर २० अशा वेगळ्या रेषा आहेत. उलट टोकाला, बीएमआय २७ असलेला पण दोन महिन्यांत आठ किलो उतरलेला मधुमेही गृहस्थ कुणाच्याच नजरेत भरत नाही. त्याचं पोट बघून सगळे निर्धास्त असतात.

एक पेच मात्र सुटत नाही, निदान तुमच्या आकाराच्या अभ्यासात. स्कोअर जास्त आला की तुम्ही त्या पेशंटला जादा आहार देणार, त्याने तो सुधारणार आणि मग स्कोअरचं भाकीत चुकलेलं दिसणार. हे स्कोअरचं अपयश नाही, तुमचं यश आहे. पण आकडेवारीला ते कळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांतल्या एफर्ट चाचणीत (वरची एफर्ट-प्रोटीन वेगळी), जी २०१९ साली प्रसिद्ध झाली, एनआरएस ३ किंवा जास्त असलेल्या दोन हजारांवर मेडिसिनच्या पेशंटपैकी निम्म्यांना प्रत्येकाची गरज मोजून आहार दिला. तीस दिवसांत वाईट परिणाम २७ टक्क्यांवरून २३ वर आणि मृत्यू १० टक्क्यांवरून ७ वर आले. दोन्ही गटांची निवड एकाच स्कोअरने, आणि शेवट वेगळा. राउंडला विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर द्या. अभ्यासात ‘काय दिलं, किती पोटात गेलं’ याची रोजची नोंद ठेवलीत तर हा पेच सुटला नाही तरी उघड्यावर येईल.

कोणता स्कोअर, याचं माझं उत्तर आता: प्रौढांच्या वॉर्डात एनआरएस-२००२, पासष्टीपुढच्यांसाठी हवा तर एमएनए-एसएफ हा वृद्धांसाठीचा छोटा फॉर्म, ज्यात बीएमआय मिळत नसेल तर पोटरीचा घेर चालतो आणि ३१ सेंटिमीटर ही रेषा आहे. आयसीयू यातून वगळा. जीएनआरआय, कोनट बाजूला काढून ठेवले तरी चालेल, मुख्य निष्कर्ष त्यांवर नको. तुमच्याकडे सध्या मस्टच भरला जात असेल आणि सिस्टरांचा हात त्यावर बसला असेल, तर मस्टच ठेवा. नीट भरलेला साधा फॉर्म अर्धवट भरलेल्या भारी फॉर्मपेक्षा केव्हाही बरा.

गुण जास्त आले म्हणून भरभरून वाढायलाही सुरुवात करू नका. बीएमआय १६ च्या खाली, दहा दिवसांहून जास्त काही न खाल्लेला किंवा रोज दारू घेणारा पेशंट असेल तर रिफीडिंगचा, म्हणजे उपाशी शरीराला एकदम आहार मिळाल्यावर रक्तातले क्षार धोकादायक घसरण्याचा, धोका असतो. आधी फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघायचे, थायमिन आहाराआधी द्यायचं, आणि सुरुवात किलोमागे दहा कॅलरींच्या आसपास ठेवून रोज रक्त तपासत वाढवायची. आपल्या ४८ किलोच्या बाईंना हा धोका नाही. त्यांना किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तर दिवसाला साधारण ५८ ग्रॅम प्रथिनं हवीत. पेज आणि साबुदाण्याच्या खिचडीवर ती भरत नाहीत. अंड्यात सहा, कपभर दुधात सहा-सात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, असा हिशेब घरून येणाऱ्या डब्यासाठी नातेवाइकांना कागदावर लिहून द्या.

तीस दिवसांनंतरचा फोन चुकवू नका, कारण गुंतागुंत झालेला पेशंट परत तुमच्याकडेच येईल असं नाही; घराजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात जाईल आणि तुमच्या वहीत ‘बरा’ म्हणून राहील. दाखल होतानाच दोन नंबर घ्या, एक पेशंटचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा. तीनच गोष्टी विचारा: पुन्हा कुठे ॲडमिट व्हावं लागलं का, आत्ता वजन किती, दिवसातून किती वेळा जेवतात. आणि हा फोन सकाळी करा. एक ते चार या वेळात पुण्यात कुणी उचलणार नाही.